ओपिऑइड गोळी आणि रक्तस्राव: दोष नेमका कुणाचा?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आजी घरी येऊन पाच दिवस झालेत. उशाशी औषधांच्या चार पट्ट्या. त्यातल्या एकीबद्दल डिस्चार्जच्या वेळीच बजावलेलं, "ही जरा स्ट्राँग आहे, सवय लागू शकते, मोजूनमापून द्या." सहाव्या दिवशी सकाळी आजी बाथरूममधून हाक मारते: शौचाला लाल रक्त. घरात पहिला संशय कुणावर? अर्थात त्या 'स्ट्राँग' गोळीवर. ती लगेच बंद होते, गुडघा ठणकायला लागतो आणि मग ड्रॉवरमधली जुनी, 'साधी' पेनकिलर बाहेर निघते. रक्तस्रावाच्या हिशेबाने पाहिलं तर या घराने नेमकी उलटी अदलाबदल केलेली असते.

ती स्ट्राँग गोळी म्हणजे ओपिऑइड. खसखशीच्या बोंडाचा चीक म्हणजे अफू, आणि ही सगळी औषधं त्या अफूची नातेवाईक. मॉर्फिन आणि कोडीन अफूतच सापडतात. ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन अफूतल्या रसायनांत फेरफार करून बनवतात. ट्रॅमाडॉल, फेंटानिल, मेथाडोन मात्र पूर्णपणे प्रयोगशाळेत जन्मलेली. या कुळातली औषधं रक्त पातळ करत नाहीत आणि जठराला जखमाही करत नाहीत. तरीही ती घेणाऱ्यांना रक्तस्राव होतो, आणि दर वेळी तो निव्वळ योगायोग नसतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते समजून घ्यायला आधी रक्त थांबतं कसं ते पाहावं लागेल.

बोटाला सुरी लागते. काही मिनिटांत रक्त थांबतं, कारण प्लेटलेट्स नावाचे बारीक पेशींचे तुकडे जखमेवर येऊन चिकटतात. आलेल्या प्लेटलेट्स थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडतात. ती एक प्रकारची हाक असते: "इकडे या, इथे गळती आहे." ती ऐकून आणखी प्लेटलेट्स येतात आणि बूच पक्कं बसतं. अ‍ॅस्पिरिन ही हाकच बंद करतं. थ्रॉम्बॉक्सेन बनवणाऱ्या एन्झाइमला ते कायमचं कुलूप घालतं. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून बिचारी उरलेलं आयुष्य, म्हणजे सात ते दहा दिवस, मुकीच राहते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांचं कुलूप तात्पुरतं असतं. औषध उतरलं की ते उघडतं.

हेच एन्झाइम जठरातही असतं. तिथे त्यातून बनणारी प्रोस्टाग्लँडिन्स जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट, आम्ल अडवणारा थर टिकवून ठेवतात. गोळीने एन्झाइम दाबलं की दुखणं कमी होतं, पण तो थरही विरळ होतो. म्हणजे एकीकडे जखम व्हायची सोय आणि दुसरीकडे ती बुजायला उशीर. अ‍ॅस्पिरिनचं हे गुपित जॉन वेन यांनी १९७१ साली उलगडलं आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

ओपिऑइड या एन्झाइमच्या वाटेलाच जात नाही. मेंदूत आणि मज्जारज्जूत त्याच्यासाठी खास रिसेप्टर असतात. ते आहेत हे कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी १९७३ साली दाखवून दिलं. ओपिऑइड तिथे जाऊन बसतं आणि वेदनेचा निरोप वर पोचता पोचता क्षीण होतो. गुडघ्याची सूज आहे तेवढीच राहते, फक्त तिची तक्रार कमी ऐकू येते. प्लेटलेट्सची हाक आणि जठराचा थर दोन्ही शाबूत. म्हणूनच ज्याला अल्सर होऊन गेलाय, जो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर आहे, ज्याच्या प्लेटलेट्स कमी आहेत, अशा माणसाला तीव्र वेदना असतील तर डॉक्टर आयब्युप्रोफेनऐवजी ओपिऑइडकडे वळतात.

माझा खरा राग 'पेनकिलर' या शब्दावर आहे. दोन वेगळ्या घराण्यांना एकाच आडनावाने हाक मारायची आणि मग एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायचं, हे या एका शब्दाने सोपं करून ठेवलंय. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

आता पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, कारण संगतीचा प्रश्न तिथेच सुरू होतो. बाजारातल्या पुष्कळ ओपिऑइड गोळ्या एकट्या नसतात. ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम ही फार सामान्य जोडी, आणि रक्तस्रावाच्या दृष्टीने बरीच सभ्य. पण ट्रॅमाडॉलसोबत डायक्लोफिनॅक, हायड्रोकोडोनसोबत आयब्युप्रोफेन, ऑक्सिकोडोनसोबत अ‍ॅस्पिरिन अशाही जोड्या आहेत. नाव ठळक अक्षरांत एक, आणि पोटात दोन औषधं. अशा गोळीने जठरातून रक्त गेलं तर लोक म्हणतात ओपिऑइडमुळे झालं. खरं काम तिच्या जोडीदाराचं.

या जोडीदारीचं सर्वांत वाईट रूप कोडीन-आयब्युप्रोफेनच्या गोळीत दिसलं. एका गोळीत कोडीन थोडंसं, आयब्युप्रोफेन २०० मिलिग्रॅम. कोडीनची शरीराला सवय होते, तेवढ्याच गोळ्यांनी भागेनासं होतं, आणि माणूस दोनाच्या चार, चाराच्या दहा करत जातो. समजा कुणी दिवसाला ३० गोळ्यांपर्यंत पोचला. कोडीनच्या ओढीने घेतलेल्या त्या गोळ्यांतून ६००० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन पोटात जातं. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायची नेहमीची मर्यादा दिवसाला १२०० मिलिग्रॅम आहे. मेंदू कोडीनला सरावतो. जठर आयब्युप्रोफेनला सरावत नाही. अशा रुग्णांत जठराला भोक पडणं, रक्तस्राव, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरणं आणि मूत्रपिंडं बिघडणं इतकं दिसून आलं की २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामक यंत्रणेने या गोळीच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला सांगितलं. व्यसन ओपिऑइडचं आणि रक्त आयब्युप्रोफेनचं. इथे मात्र ओपिऑइडला 'निर्दोष' म्हणून सोडून देता येणार नाही, कारण जठराला इतक्या खोल खड्ड्यात ओढून नेलं ते त्यानेच.

ट्रॅमाडॉलचं प्रकरण जरा वेगळं आहे. हे ओपिऑइड दुहेरी काम करतं. रिसेप्टरवर बसतंच, शिवाय सेरोटोनिन नावाच्या रसायनाची पेशींत परत जायची वाट अडवतं. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ही औषधं हीच वाट अडवतात, आणि तीही बऱ्याच जोरात. आता याचा रक्ताशी काय संबंध? प्लेटलेट्सना जखमेवर गोळा होताना सेरोटोनिन लागतं, पण ते त्यांना स्वतः बनवता येत नाही. त्या ते रक्तातून उचलून साठवतात, आणि उचलायची वाट तीच. वाट बंद झाली की कोठार रिकामं होत जातं. नैराश्यावरच्या या गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते ती यामुळे. त्यात आयब्युप्रोफेनसारखी गोळी मिसळली की आणखी वाढते. ट्रॅमाडॉलचा हा गुण त्यांच्याहून सौम्य असतो, पण जो आधीच सर्ट्रालिन घेतोय आणि शिवाय रक्त पातळ करणारी गोळीही, त्याच्या बाबतीत थोडं अधिक थोडं मिळून बरंच होतं. ट्रॅमाडॉल आणि ही औषधं एकत्र आली की सेरोटोनिन अति होण्याचा वेगळाच धोका असतो: हातापायांना कंप, घाम, ताप, अस्वस्थपणा. तो रक्तस्रावाहून तातडीचा असू शकतो.

वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी तर इथे कान टवकारायला हवेत. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले किंवा ठोके अनियमित असलेले बरेच रुग्ण हे औषध घेतात आणि रक्त गोठायला किती उशीर लागतो हे सांगणाऱ्या आयएनआर नावाच्या तपासणीवर त्याचा डोस ठरतो. बहुतेकांचा आकडा २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. वॉरफेरिनवर असताना ट्रॅमाडॉल सुरू केलं आणि हा आकडा चढत गेला, हिरड्यांतून, लघवीतून रक्त आलं, अंगावर निळे-काळे डाग उठले, अशी उदाहरणं नोंदलेली आहेत. ट्रॅमाडॉलच्या अधिकृत माहितीपत्रकातही ही सूचना असते. आणि त्या 'सभ्य' जोडीतलं पॅरासिटामॉलही इथे साव नाही. दिवसाला दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त, सलग काही दिवस, एवढ्याने वॉरफेरिन घेणाऱ्याचा आयएनआर वाढू शकतो. ३२५ च्या आठ गोळ्यांत २६०० मिलिग्रॅम होतात. म्हणून अशा रुग्णाला ट्रॅमाडॉल मनाईच आहे असं नाही, पण सुरू केल्यावर काही दिवसांतच आणि बंद केल्यावरही आयएनआर एकदा मोजून घ्यावा लागतो. औषध लिहून देणाऱ्याला वॉरफेरिनबद्दल माहीतच नसेल तर तो हे सांगणार कसा?

मग कुणी म्हणेल, एवढा खल कशाला, ओपिऑइड घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या लोकांची तुलना करा की! केली आहे. २०१० साली अमेरिकेत संधिवाताच्या वृद्ध रुग्णांच्या नोंदींचा असा एक अभ्यास झाला. एका गटाला आयब्युप्रोफेनच्या घराण्यातली औषधं, एकाला कॉक्सिब (त्यांचीच, पण जठराला जरा सांभाळून घेणारी भावंडं), एकाला ओपिऑइड. अपेक्षा अशी की ओपिऑइड गटात पोटातून रक्त जाण्याचं प्रमाण बरंच खाली असेल. प्रत्यक्षात ते आयब्युप्रोफेनच्या घराण्याएवढंच निघालं. पहिल्यांदा वाचताना माणूस चक्रावतो. जे औषध जठराला हातही लावत नाही, त्याच्या गटात एवढं रक्त?

इथे विचार करावा लागतो की मुळात ओपिऑइड कुणाला दिलं जातं. वर सांगितलंच: ज्याला आधी अल्सर झालाय, ज्याची मूत्रपिंडं कमजोर आहेत, जो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतोय, म्हणजे ज्याला रक्तस्रावाची भीती आधीपासूनच जास्त आहे, त्यालाच डॉक्टर मुद्दाम या गटात ढकलतात. छत्री घेतलेले लोक जास्त भिजलेले दिसले म्हणून छत्रीने माणूस भिजतो असं कुणी म्हणत नाही. संशोधक आकडेमोड करून हा फरक पुसायचा प्रयत्न करतात, पण नोंदींत न उतरलेल्या गोष्टी पुसता येत नाहीत; घरी गुपचूप घेतलेल्या आयब्युप्रोफेनची चिठ्ठी कुणी फाडत नाही. तेव्हा अशा अभ्यासाचा आधार घेऊन "ओपिऑइडने रक्तस्राव होतो" असं ठोकून देणं जसं चुकीचं, तसंच "ओपिऑइड दिलं म्हणजे पोटाची चिंता मिटली" असं समजणंही भाबडेपणाचं. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता, हाडं मोडण्याचा, आणि तो ओपिऑइड गटात कितीतरी पटींनी जास्त होता. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आजीच्या लाल रक्ताकडे. ओपिऑइडचे रिसेप्टर मेंदूप्रमाणेच आतड्यातही असतात. औषध तिथे बसलं की आतड्याची पुढे ढकलण्याची लाट मंदावते, मळ जास्त वेळ आत राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा बनतो. गुंगीची, मळमळीची शरीराला काही दिवसांत सवय होते; बद्धकोष्ठतेची सहसा होत नाही. मग कुंथणं आलं. कुंथून गुदद्वाराची नाजूक त्वचा चिरते, ते फिशर. सुरी फिरल्यासारखी वेदना आणि कागदावर लाल रेघ. नाहीतर जुनी मूळव्याध उसळते आणि न दुखता रक्ताचे थेंब टपकतात. गुडघा बदलल्यावर पायात गुठळी होऊ नये म्हणून काही आठवडे रक्त पातळ करणारं औषध दिलेलंच असतं, त्यामुळे एरवी दोन थेंबांवर थांबलं असतं ते जास्त वाहतं. म्हणजे गोळीचा हात आहे, पण आडवळणाने. यावरचा उपाय पहिल्या रक्ताची वाट पाहत बसण्यासारखा नाही. ओपिऑइड ज्या दिवशी सुरू होतं त्याच दिवशी आतड्याला चालना देणारं औषध, सेन्ना किंवा बिसाकोडिल, डॉक्टरांना विचारून सुरू करायचं असतं. नुसता इसबगोल इथे फसतो. मळ फुगतो, पण ढकलणारी लाटच झोपलेली असल्यामुळे तिथेच अडकून बसतो.

वरच्या टोकालाही असंच एक आडवळण आहे. ओपिऑइडने सुरुवातीला उलट्या होतात. जोरजोरात ओकाऱ्या काढताना अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात तिथलं अस्तर फाटू शकतं आणि आधी साध्या, मग रक्ताच्या उलट्या होतात. मॅलरी आणि वाइस यांनी १९२९ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्या चिरेला त्यांचंच नाव आहे. बऱ्याचदा ती आपोआप भरते, पण रक्ताची उलटी ही घरी बसून वाट पाहायची गोष्ट नव्हे.

एक प्रकार अगदी विरळा, तरी सांगण्यासारखा. २०१२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्सिमॉर्फोन या ओपिऑइडच्या एका दीर्घकाळ चालणाऱ्या गोळीबद्दल इशारा दिला. नशेसाठी कुणी ती कुटू नये म्हणून ती एका खास पॉलिमरने घट्ट केलेली होती. लोकांनी ती विरघळवून शिरेतून टोचून घेतली. मग लहान रक्तवाहिन्यांत असंख्य बारीक गुठळ्या होऊन प्लेटलेट्स तिथेच खर्ची पडल्या. २०१७ मध्ये प्रशासनाने ती गोळी बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. तोंडाने, सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्याचा याच्याशी संबंध नाही.

गंमत म्हणजे एका ठिकाणी ओपिऑइड बरोबर उलट दिशेने खेळ बिघडवतं. हृदयविकाराच्या झटक्यात प्लेटलेट्सना आवरण्यासाठी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर तोंडाने देतात आणि छातीतल्या कळांसाठी मॉर्फिन. मॉर्फिन जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतं, त्यामुळे ती गोळी रक्तात उशिरा पोचते आणि तिचा परिणाम कमी पडतो. इथे काळजी रक्त वाहण्याची नसते, गुठळी होण्याची असते.

ओपिऑइड रक्तस्राव घडवत नसलं तरी लपवू शकतं, हे मला जास्त काळजीचं वाटतं. पोटातला अल्सर फुटायला आला की दुखून सांगतो. ओपिऑइड नेमकं तेच सांगणं दाबतं. अशा वेळी शौचाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नाही. वरून, म्हणजे जठरातून आलेलं रक्त आतड्यातून प्रवास करता करता काळं पडतं: डांबरासारखं, चिकट, घाण वासाचं. त्यासाठी ५० ते १०० मिलिलिटर रक्तसुद्धा पुरतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होतं, पण त्याला तो चिकटपणा आणि तो वास नसतो. काळं डांबरी शौच, रक्ताची उलटी, किंवा लाल रक्तासोबत भोवळ, घाम, धडधड असेल तर थेट रुग्णालय गाठायचं, आणि जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत टाकून न्यायच्या. एखादं औषध बंद करायचं ते तिथे ठरू द्या. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद केली तर गुठळीची भीती असते, आणि आठवडेच्या आठवडे घेतलेलं ओपिऑइड एका झटक्यात सोडलं तर घाम, जुलाब, पोटात पिळवटून येणं आणि जिवाची तगमग सुरू होते.

राहिला तो हाडं मोडण्याचा आकडा. ओपिऑइडने गुंगी येते, उठताना तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना वृद्ध माणसं पडतात. डोकं भिंतीला आपटलं, वरून जखम नाही, माणूस म्हणतो "काही झालं नाही." रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचत राहतं, कधी तासांत, कधी दोन-तीन आठवड्यांत. त्याची लक्षणं काय? झोप जास्त येणं, बोलताना गोंधळणं, एका बाजूने पाय ओढत चालणं. आणि घरचे म्हणतात, "गोळी स्ट्राँग आहे ना, झोप येणारच." गोळीची गुंगी डोस सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर येते आणि काही दिवसांत ओसरते. तोच डोस चालू असताना, सगळं स्थिरावल्यावर वाढत जाणारी गुंगी ही वेगळी गोष्ट आहे, मग ती रक्ताने असो वा मूत्रपिंडं थकून औषध शरीरात साचल्याने. अशा वेळी डॉक्टरांना फोनवर पहिलं वाक्य "आजी फार झोपते" हे नको. "आजी आठ दिवसांपूर्वी पडली होती आणि तिला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे", हे हवं.